जनित्र, द्विइंधनी सुवाह्य

पेट्रोल आणि द्रवीकृत खनिज तेल वायू (स्वयंपाकाचा ‘गॅस’) यांपैकी कोणत्याही एका इंधनावर चालणाऱ्या लहान अंतर्ज्वलन एंजिनाने फिरविल्या जाणाऱ्या व एकदोन माणसांना उचलून किंवा चाकांवर ढकलून हलविता येणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाह जनित्रास द्विइंधनी सुवाह्य जनित्र म्हणतात. घरगुती वापराच्या अशा जनित्रांची क्षमता सामान्यतः १ ते ७ किलोवॉट असते. सार्वजनिक वीजपुरवठा खंडित झाला असता दिवे, पंखे, शीतकपाट व पाण्याचा पंप चालविणे हा त्यांचा मुख्य उपयोग होय.

‘द्विइंधनी’ ही संज्ञा मोठ्या स्थिर एंजिनांच्या बाबतीत वेगळ्या अर्थाने वापरतात. तेथे सिलिंडरात हवेबरोबर वायू घेतला जातो आणि त्याचे ज्वलन घडविण्यासाठी थोडे डीझेल फवारतात. म्हणजे दोन्ही इंधने एकाच वेळी जळतात. गोबर वायूवर चालणारी डीझेल एंजिने याच प्रकारची होत. सुवाह्य जनित्रात मात्र दोन इंधने आळीपाळीने वापरावयाची असतात आणि दोहोंचे ज्वलन ठिणगीनेच होते. त्यामुळे ‘पर्यायी इंधनाचे जनित्र’ हे नाव वस्तुतः अधिक अचूक ठरले असते. परंतु बाजारात पहिलेच रूढ झाले आहे.

भारतात या कल्पनेचा पूर्वावतार रॉकेलच्या रूपाने आला. पेट्रोलवर सुरू करून एंजिन तापल्यानंतर रॉकेलवर चालवावयाची लहान जनित्रे १९८० नंतरच्या काळात दुकाने, दवाखाने, लग्नमंडप व सधन घरे यांत सर्वत्र दिसू लागली. श्रीराम व होंडा यांच्या सहकार्याने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची जनित्रे त्यांत विशेष प्रसिद्ध होती. या जनित्राला दोन टाक्या असत : पेट्रोलची लहान व रॉकेलची मोठी. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे ते पुन्हा पेट्रोलवर आणावे लागे. तसे न केल्यास कार्बुरेटरात रॉकेल राहून पुढच्या वेळी एंजिन सुरू होत नसे. रॉकेलचा ऑक्टेन अंक कमी असल्याने संपीडन गुणोत्तर कमी ठेवणे भाग पडे. परिणामी इंधन अधिक लागे, धूर होई व ठिणगी-गुडदीवर काजळी साचे. तरीही शिधापत्रिकेवरील स्वस्त रॉकेलमुळे ही जनित्रे लोकप्रिय झाली. केंद्र शासनाच्या १९९३ च्या आदेशाने असे रॉकेल स्वयंपाक व दिवाबत्ती यांखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास मनाई केली होती. व्यवहारात ती फारशी पाळली गेली नाही. पुढे स्वस्त रॉकेल दुर्मीळ होत गेले आणि गॅसची टाकी खेड्यापाड्यांत पोहोचली. द्विइंधनी जनित्राचे आजचे स्वरूप या बदलातून रूढ झाले आहे.

गरज : महाराष्ट्रात घरगुती जनित्राची गरज कोठे व का उरली आहे, हे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेला हा तालुका अवर्षणप्रवण आहे. विजेच्या मोठ्या वाटा मात्र याच परिसरात एकत्र आल्या आहेत. राष्ट्रीय औष्णिक वीज निगमाच्या सोलापूर येथील केंद्राचे प्रत्येकी ६६० मेगॅवॉटचे दोन संच २०१७ व २०१९ मध्ये कार्यान्वित झाले. रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण भारताचे विद्युत् जाल उर्वरित देशाच्या जालाशी समकालिक जोडले गेले आणि देशभर एकच कंप्रता लागू झाली. वीज निर्माण होते, ती जिल्ह्यातून वाहतेही; घरातला दिवा तरीही जातो. याचे कारण वीजनिर्मितीत नसून वितरणाच्या शेवटच्या काही किलोमीटरांत असते.

२००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेचीच तूट होती व ग्रामीण भागात रोज अनेक तासांचे भारनियमन होत असे. ती तूट ओसरल्यावर खंडनाचे स्वरूप बदलले. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वाऱ्याने ११ किलोव्होल्टच्या उघड्या तारा एकमेकींवर आपटतात, फांद्या पडतात, उन्हाने तापलेली चिनी मातीची निरोधके पहिल्या सरींत तडकतात. अशा वेळी शहरातील पुरवठा तासा-दोन तासांत सुरळीत होतो. लांबच्या वाहिनीवरील दोष शोधण्यात मात्र रात्र जाते. दुसरे कारण रचनेतच आहे. गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या स्वतंत्र करण्याचे काम राज्यात झाले, तेव्हा गावठाणाला अखंड व शेतीपंपांना ठरावीक तास वीज द्यावयाची, असे तत्त्व होते. परंतु या भागातील अनेक कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्तीवर राहतात. त्यांचे घर शेतीच्या वाहिनीवर असल्यामुळे पंपाची पाळी संपली की घरातील वीजही जाते किंवा कमी दाबाने येते. घरगुती जनित्राचा खरा ग्राहक हा वस्तीवरील माणूस आहे. अक्कलकोट शहरातील भक्तनिवास, मंगल कार्यालये व रुग्णालये यांना स्थिर डीझेल जनित्रे लागतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

तत्त्व व रचना : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर सर्व जनित्रे चालतात. सुवाह्य जनित्रात एक सिलिंडर असलेले, हवेने थंड होणारे चार-धावी एंजिन असते. त्याच्या दंडालाच जनित्राचा फिरता भाग (घूर्णक) जोडलेला असतो. दोन चुंबकीय ध्रुव असलेल्या घूर्णकाला ५० हर्ट्‌झ कंप्रता मिळण्यासाठी मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात. भार वाढला की वेग घटतो, वेग घटला की कंप्रता व दाब दोन्ही घटतात. म्हणून एंजिनावरील गतिनियंत्रक हवा-इंधनाची झडप आपोआप अधिक उघडतो. दाब २३० व्होल्टच्या आसपास ठेवण्याचे काम इलेक्ट्रॉनीय नियामक किंवा स्वस्त नमुन्यांत केवळ एक धारित्र करते. धारित्राच्या जनित्रात भार बदलताच दाब बराच खालीवर होतो. संगणक वा दूरचित्रवाणी संच त्यावर चालवू नये. इन्व्हर्टर प्रकारच्या जनित्रात निर्माण झालेला प्रवाह प्रथम एकदिश करून नंतर इलेक्ट्रॉनीय मंडलाने पुन्हा ५० हर्ट्‌झचा बनवितात. त्यामुळे भार कमी असताना एंजिन मंद गतीने चालू शकते व इंधन वाचते.

इंधनाच्या बाजूस पेट्रोलसाठी नेहमीचा कार्बुरेटर असतो. वायूसाठी टाकीवरील दाब नियामक व जनित्रावरील मागणी-नियामक असे दोन टप्पे असतात. मागणी-नियामकातील पातळ पडदा एंजिनाच्या चूषणामुळे खेचला जातो व तेवढाच वायू आत सोडतो. एंजिन थांबले की वायूही थांबतो. इंधन बदलण्याची कळ दोहोंपैकी एकच मार्ग उघडा ठेवते. चालत्या जनित्रात पेट्रोलवरून वायूवर जाताना कार्बुरेटरात उरलेले पेट्रोल संपेपर्यंत दोन्ही इंधने एकत्र होतात व एंजिन अडखळते. जेथे कळ साधी असेल, तेथे प्रथम पेट्रोलची तोटी बंद करून एंजिन मंदावू द्यावे, मग वायू सोडावा.

इंधनांची तुलना : वजनाच्या हिशेबाने दोन्ही इंधनांत फारसे अंतर नाही. एक किग्रॅ. वायूतून सु. ४६ मेगॅजूल व एक किग्रॅ. पेट्रोलमधून सु. ४४ मेगॅजूल उष्णता मिळते. मात्र वायू सिलिंडरात शिरताना हवेची जागा व्यापतो, म्हणून त्याच एंजिनाची शक्ती वायूवर सु. १० टक्क्यांनी घटते. लहान जनित्रांची कार्यक्षमता कमी असते. इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाचवा भाग विजेच्या रूपाने हाती येतो. त्यामुळे एक युनिट (किलोवॉट-तास) विजेसाठी सु. अर्धा लिटर किंवा थोडे अधिक पेट्रोल अथवा ०·४ ते ०·५ किग्रॅ. वायू लागतो. १९ किग्रॅ.च्या टाकीतून यावरून साधारणपणे ४० युनिटे मिळतात. जनित्र रिकामे फिरत असले, तरी एंजिनाचे घर्षण व पंखा यांना इंधन लागतेच; एका दिव्यासाठी तीन किलोवॉटचे जनित्र रात्रभर चालविणे हा त्यामुळे फार महागडा प्रकार ठरतो.

शक्ती व खर्च यांपेक्षा साठवणुकीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि द्विइंधनी रचनेचे खरे समर्थन त्यातच आहे. आणीबाणीचे जनित्र वर्षातील बहुतेक दिवस पडून असते. पेट्रोल काही महिन्यांत बिघडते : त्यातील हलके घटक उडून जातात, उरलेल्याचे चिकट राळेसारखे द्रव्य बनते आणि कार्बुरेटरातील सुईएवढी छिद्रे बुजतात. देशात आता विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये सु. २० टक्के एथेनॉल असते. एथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की एथेनॉल-पाण्याचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो व तोच प्रथम कार्बुरेटरात उतरतो. (सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतूनच एथेनॉल मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते, हा योगायोग लक्षणीय आहे.) बंद टाकीतील वायू मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. मेच्या अखेरीस वादळाच्या रात्री आठ महिने न हललेले जनित्र पहिल्या दोनचार झटक्यांत सुरू व्हावे, ही अपेक्षा वायूवरच पुरी होते.

पेट्रोल साठविण्यास कायद्याचीही मर्यादा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंतच परवान्यावाचून बाळगता येते, व तेही योग्य भांड्यांत. वायूच्या बाबतीत वेगळी अडचण आहे. १४·२ किग्रॅ.ची तांबडी टाकी घरगुती स्वयंपाकासाठी असून २००० च्या केंद्रीय आदेशानुसार तिचा अन्य वापर नियमबाह्य आहे. जनित्रासाठी १९ किग्रॅ.ची व्यापारी टाकी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. नियमाला धरून होणाऱ्या खर्चाचा हिशेब या टाकीच्या भावाने करावा. विक्रेते सहसा तो तांबड्या टाकीच्या भावाने करून दाखवितात. टाकी नेहमी उभी ठेवावी. आडवी टाकी वायूऐवजी द्रव बाहेर सोडते व नियामक निकामी होतो. जोराच्या मागणीमुळे बाष्पीभवन वाढून टाकी थंड पडते व दाब उतरतो. अक्कलकोटच्या उन्हाळ्यात हा प्रश्न क्वचितच येतो, पण डिसेंबरच्या पहाटे अर्धी टाकी मोठ्या जनित्राला पुरेसा वायू देत नाही, असा अनुभव येतो.

क्षमतेची निवड : तीन पंखे (२२५ वॉट), काही दिवे (६० वॉट), दूरचित्रवाणी संच (८० वॉट) व शीतकपाट (१५० वॉट) मिळून ५१५ वॉट होतात. त्यात एक अश्वशक्तीचा पंप (सु. १,१०० वॉट) मिळविला, तर बेरीज १,६०० वॉटच्या वर जाते. यावरून दोन किलोवॉटचे जनित्र पुरेल असे वाटते. ते पुरत नाही. प्रवर्तन चलित्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चार ते सहापट प्रवाह घेते. एवढा प्रवाह देता आला नाही, तर दाब कोसळतो, चलित्र घुरघुरत जागीच अडते आणि त्याची वेटोळी जळतात. दोष जनित्राचा, नुकसान मात्र पंपाचे, असा हा प्रकार असतो. म्हणून पंप असलेल्या घरास निदान तीन किलोवॉटच्या आसपासचे जनित्र घ्यावे, प्रथम पंप सुरू करावा व त्यानंतर बाकीची उपकरणे एकेक जोडावीत. शक्य असल्यास पंप व शीतकपाट यांच्या पाळ्या लावाव्यात.

पाटीवरील आकडा सौम्य हवामानातील व समुद्रसपाटीवरील असतो. अक्कलकोट समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे व तेथील उन्हाळी तापमान ४० °से.च्या पलीकडे जाते. विरळ व तप्त हवेत ऑक्सिजन कमी मिळतो. या दोन्ही कारणांनी मिळून शक्ती सु. ७ टक्क्यांनी घटते. २·८ किलोवॉटचे जनित्र वायूवर २·५ व या हवेत सु. २·३ किलोवॉटच देईल. त्यातही सतत चालविताना भार तीन-चतुर्थांशाच्या वर नेऊ नये. काही उत्पादक ‘कमाल’ क्षमता ठळक अक्षरांत छापतात; ती केवळ काही क्षणांची असते.

धोके : एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे संयोग पावतो व शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. लहान पेट्रोल एंजिनाच्या धुरात त्याचे प्रमाण काही टक्के असू शकते, तर हवेतील ०·१६ टक्के प्रमाण माणसास एक-दोन तासांत मारण्यास पुरेसे असते. तीन मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बंद खोलीत हे प्रमाण काही मिनिटांतच गाठले जाते. आरंभीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ व गुंगी. झोपलेल्याला ती जाणवतच नाहीत, आणि जागा असलेला माणूस उन्हाचा किंवा जागरणाचा त्रास समजून पडून राहतो. अमेरिकेत सुवाह्य जनित्रांच्या धुराने वर्षाला सरासरी सु. ८५ माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांतील अनेक मृत्यू चक्रीवादळानंतरच्या दिवसांत, वीज गेलेल्या घरांत झालेले असतात. वायूवर चालणाऱ्या एंजिनाचा धूर डोळ्यांना झोंबत नाही व त्यात कार्बन मोनॉक्साइड सामान्यतः कमी असतो. परंतु तो असतोच, आणि धूर दिसत नाही म्हणून जनित्र आत आणण्याचा मोह मात्र अधिक होतो.

या धोक्याचा संबंध घराच्या बांधणीशी आहे. सोलापूर भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे जाड भिंतींची व सपाट धाब्याची असतात. उन्हाळ्यात ती गार राहावीत म्हणून खिडक्या लहान व थोड्या ठेवलेल्या असतात. वाड्यात मध्ये उघडा चौक असतो. चौक उघडा म्हणजे मोकळी हवा, असे समजून जनित्र तेथे ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. प्रत्यक्षात चारही बाजूंनी बंद असलेल्या चौकात वारा खेळत नाही. धूर सोप्यात व माजघरात पसरतो, आणि तेथेच घरातील माणसे झोपलेली असतात. जनित्र घराबाहेर, दारेखिडक्यांपासून निदान सहा मी. अंतरावर, धुराड्याचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. चोरी व पाऊस या दोन भीतींमुळे लोक ते पडवीत आणतात. त्यावर साखळी-कुलूप व चारही बाजूंनी मोकळे असलेले पत्र्याचे छप्पर हा उपाय आहे. भर दुपारी शेजारच्या झाडाखाली ठेवले तरी चालते. मात्र खाली वाळलेला पालापाचोळा वा कडब्याची गंज नसावी. धुराडे इतके तापते की कडबा त्याच्या स्पर्शाने पेट घेऊ शकतो.

दुसरा वायू खुद्द इंधनाचा. द्रवीकृत खनिज तेल वायू हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्याने गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत वाहतो व सखल जागी साठतो. हवेत सु. २ टक्के मिसळला तरी ठिणगीने स्फोट होतो. या भागात धान्य साठविण्याची पेवे व जुन्या वाड्यांतील तळघरे अजून आढळतात. टाकी त्यांच्या तोंडाजवळ किंवा गटाराच्या झाकणाशेजारी कधीही ठेवू नये. टाकी व जनित्र यांत दोन-तीन मीटरांचे अंतर असावे, नळी मानक चिन्ह असलेली व न ताणलेली असावी, आणि जोड दर वेळी साबणाच्या पाण्याने तपासावा. वायूला मुद्दाम मिसळलेला उग्र वास हीच गळतीची सूचना होय. वास आल्यावर दिव्याचे बटण दाबणेही टाळावे. पेट्रोल भरताना एंजिन बंद करून निवू देणे आवश्यक असते. अंधारात, चालत्या जनित्रात, तोंडात विजेरी धरून पेट्रोल ओतताना झालेले भाजण्याचे अपघात नवे नाहीत.

घराच्या मंडलाशी जोडणी : सर्वांत सोपी पद्धत म्हणजे हवी ती उपकरणे थेट जनित्राच्या खोबणीत लावणे. यासाठी योग्य जाडीची, पूर्ण उलगडलेली तार घ्यावी. संपूर्ण घराला वीज द्यावयाची झाल्यास मुख्य फळ्यावर बदलकळ (चेंजओव्हर स्विच) बसविली पाहिजे. ही कळ कला आणि उदासीन अशा दोन्ही तारा एकाच वेळी एका बाजूने तोडून दुसऱ्या बाजूस जोडते. दोन पुरवठे एकत्र येणे तिच्या रचनेमुळेच अशक्य होते.

ही कळ टाळून, दोन्ही टोकांना खिळे असलेल्या तारेने घरातील एखाद्या खोबणीतून जनित्राची वीज उलटी सोडण्याची रीत ठिकठिकाणी आढळते. तिच्यासारखी घातक रीत दुसरी नाही. मुख्य कळ बंद करावयाची राहिली, तर २३० व्होल्टचा दाब घराबाहेर खांबावर पोहोचतो. तेथून तो गावच्या रोहित्रात उलट दिशेने शिरतो आणि तेच रोहित्र त्याचे ११,००० व्होल्टपर्यंत वर्धन करू शकते. गावात सर्वांची उपकरणे चालू असतील, तर लहान जनित्र त्या भाराखाली तात्काळ बंद पडते. परंतु तार मध्येच तुटलेली असते, जोडलेला भाग लहान असतो, तेव्हा दाब टिकून राहतो. आणि वायरमन नेमका त्याच तुटलेल्या तारेवर काम करीत असतो. त्याने उपकेंद्रातून पुरवठा बंद करून घेतलेला असतो व खांबावर चढताना ती वाहिनी मृत आहे असा त्याचा समज असतो. कामाच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशी जोडून घेण्याचा नियम याच कारणासाठी आहे. पण वादळी रात्री, एकट्या माणसाकडून, तो दर वेळी पाळला जाईलच असे नाही. पुरवठा परत आला असता जनित्र व वाहिनी यांची गाठ पडते, तेव्हा जनित्र जळते, कित्येकदा पेटते. विद्युत् सुरक्षेच्या केंद्रीय विनियमांनी (२०१०, सुधारित २०२३) ग्राहकाचे जनित्र पुरवठ्याशी परस्पर जोडले जाऊ नये, असे बंधन घातले आहे. बदलकळ बसविण्याचे काम अनुज्ञप्तिधारक विद्युत् कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे.

भूसंपर्काचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. बहुतेक सुवाह्य जनित्रांत उदासीन तार सांगाड्याशी जोडलेली नसते. अशा स्थितीत फळ्यावरील गळती-प्रवाह खंडक (आरसीसीबी) दोष ओळखू शकत नाही व घरमालक मात्र सुरक्षित असल्याच्या समजुतीत राहतो. ही जोड कोठे व कशी द्यावी, हे बदलकळीच्या प्रकारावर अवलंबून असल्याने ते जाणकारानेच ठरवावे. भूसंपर्काच्या खड्ड्याकडेही लक्ष हवे. काळी माती ओली असताना विजेची उत्तम संवाहक असते. पण अक्कलकोटच्या उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, पट्टीभोवतीची माती सुटते आणि रोध अनेक पटींनी वाढतो. मुरमाड माळावर तर तो मुळातच जास्त असतो. कोळसा व मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमाने पाणी ओतण्याची जुनी पद्धत योग्यच आहे. पाण्याची टंचाई असताना हेच काम प्रथम विसरले जाते.

संचायक व सौर साधनांशी संबंध : पंखे व दिवे एवढीच गरज असेल, तर जनित्र घेऊ नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या संचायक घटमालेत सु. १·८ युनिटे साठतात व इन्व्हर्टरद्वारे दोन-तीन पंख्यांना त्या चार-पाच तास पुरतात. आवाज नाही, धूर नाही. पंप व लांबलेले खंडन यांपुढे मात्र ही घटमाला हरते. वस्तीवरील घरास सर्वांत काटकसरीची रीत म्हणजे दोहोंचा मेळ : जनित्र दिवसातून तास-दीड तास चांगल्या भाराने चालवून पंपाने टाकी भरून घ्यावी, त्याच वेळी शीतकपाट गार करावे व घटमाला भारित करावी, रात्र इन्व्हर्टरवर काढावी. काही इन्व्हर्टर जनित्राची डळमळती वीज स्वीकारीत नाहीत. त्यांच्यावरील दाबमर्यादेची कळ रुंद मर्यादेवर ठेवल्यास बहुधा काम भागते.

छपरावरील सौर पट्ट बसविलेल्या घरांतही पुरवठा गेल्यावर अंधार होतो, याचे अनेकांना नवल वाटते. जालाशी जोडलेला सौर इन्व्हर्टर वायरमनच्या सुरक्षेसाठीच पुरवठा जाताच स्वतःहून बंद होतो. जनित्राची वीज त्याच मंडलात सोडली, तर तिला जालाचा पुरवठा समजून तो पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. मग सौर ऊर्जा जनित्रातच उलटी शिरून दाब बेसुमार वाढतो. म्हणून बदलकळ अशा ठिकाणी बसवावी, की जनित्र चालू असताना सौर इन्व्हर्टर मंडलाबाहेर राहील.

निगा : नव्या एंजिनातील वंगणतेल पहिल्या २० तासांनंतर व पुढे सु. १०० तासांनी बदलावे. भरपूर धूळ असलेल्या भागात, विशेषतः ज्वारी-तुरीच्या मळणीच्या दिवसांत, हवेची गाळणी याहून पुष्कळ वेळा स्वच्छ करावी लागते. तेलाची पातळी घटल्यास एंजिन आपोआप थांबविणारी योजना बहुतेक जनित्रांत असते. उतारावर ठेवलेले जनित्र पुरेसे तेल असूनही सुरू होत नाही, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे अर्ध्या भारावर जनित्र चालवावे. ते एंजिनाइतकेच जनित्र भागासाठीही आवश्यक आहे, कारण फार काळ पडून राहिल्यास घूर्णकातील अवशिष्ट चुंबकत्व क्षीण होते. मग एंजिन व्यवस्थित फिरते, पण वीजच निर्माण होत नाही. ठेवून देण्यापूर्वी पेट्रोलची तोटी बंद करून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत एंजिन चालवावे व टाकीतील पेट्रोल काढून दुचाकीत वापरून टाकावे. त्यानंतर नेहमीचा वापर वायूवर करून पेट्रोल हा केवळ टाकी संपली असतानाचा आधार मानावा. पेट्रोल टाकले, पण वापरले नाही, असे करणाऱ्यांचीच जनित्रे दुरुस्तीच्या दुकानांत अधिक येतात.

आवाज व धूर यांच्या मर्यादा केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली ठरविल्या आहेत. पेट्रोल व रॉकेल जनित्रांच्या आवाजासाठी २००० मध्ये प्रथम मर्यादा घालण्यात आली, आणि जनित्रांच्या धुरासंबंधीचे अधिक कडक नियम १ जुलै २०२३ पासून लागू झाले. त्या मर्यादेत बसणारे जनित्रही उघड्या माळावर, रात्रीच्या शांततेत, शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू जाते.